थायरॉइडच्या रिपोर्टमधला काजवा

शेजारच्या काकूंच्या थायरॉइड रिपोर्टवर टीएसएचच्या (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनच्या) आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘सीएलआयए’ छापलं होतं. “मोबाइलवर बघितलं, प्रकाशाची तपासणी म्हणे. रक्तावर किरण सोडतात का रे?”

नाही हो काकू. सीएलआयए म्हणजे केमिल्युमिनेसन्स इम्युनोअ‍ॅसे: नळीतच रासायनिक क्रियेतून उजेड तयार करतात आणि तो मोजतात.

निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर सीरममध्ये टीएसएच असतं एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. ते शोधायला चुंबकीय कणांवर बसवलेली अँटिबॉडी वापरतात. ती टीएसएचचा रेणू पकडते. दुसरी अँटिबॉडी त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने धरते, आणि हिच्या पाठीवर असतं उजेड देणारं रसायन, अ‍ॅक्रिडिनियम एस्टर. चुंबकाने कण नळीच्या भिंतीशी ओढून धरायचे, बाकी सगळं धुऊन टाकायचं.

आता माझा आवडता भाग. नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कली पडतं. पेरॉक्साइड एस्टरच्या रेणूवर चढतं, रेणूचा एक तुकडा निखळतो आणि क्षणभर दोन कार्बन, दोन ऑक्सिजन अशी चौकोनी कडी तयार होते: डायऑक्सिटॅनोन. ही कडी म्हणजे छत्रीची वाकवून धरलेली काडी. त्यात दोन ऑक्सिजनमधला बंध मुळातच कच्चा. कडी फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरलेल्या अ‍ॅक्रिडोनचे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत अडकतात. एरवी अशी ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. इथे इलेक्ट्रॉन खाली उतरताना निळा फोटॉन सुटतो, तरंगलांबी सुमारे ४३० नॅनोमीटर. दोन-चार सेकंदांत खेळ खलास. तेवढ्यात फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद उजेड टिपणारं उपकरण) फोटॉन मोजून घेतो. जितका उजेड जास्त, तितकं टीएसएच जास्त.

फ्लुरोसन्समध्ये आधी बाहेरून दिवा मारावा लागतो. तो दिवा विखुरतो, शिवाय सीरम स्वतःही थोडं चमकतं. इथे दिवाच नाही. अमावस्येला काजवा लांबून दिसतो, तसं. (‘ऑरा’चे, म्हणजे शरीराभोवतीच्या कथित तेजोवलयाचे, फोटो काढून रोग सांगणाऱ्यांनी एकदा असे फोटॉन मोजून दाखवावेत!)

पूर्वी याच कामाला खूण म्हणून किरणोत्सारी आयोडीन लागे. ती पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यालो यांना १९७७चं नोबेल मिळालं. पण आयोडीन-१२५ साठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे किट कपाटात पडून पडून म्हातारं. १९८३मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या वीक्स, वुडहेड आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रिडिनियमची खूण अँटिबॉडीला जोडण्याची रीत प्रसिद्ध केली.

एक मेख आहे. काही यंत्रांत पहिली अँटिबॉडी कणांना बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या जोडीने चिकटवतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवतं, अँटिबॉडी धुण्यात वाहून जाते, उजेड कमी पडतो आणि टीएसएच खोटं कमी दिसतं.

“काकू, केसांसाठी काही घेता का?”

त्या आत जाऊन बाटली घेऊन आल्या. बायोटिन, एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम. रोजची गरज साधारण तीस-चाळीसची.