मालक नेमका कोण? व्यवसायनीती शिकवणाऱ्या येशूसंघीयांची पार्श्वभूमी

फादर म्हटले की आपल्याला शाळा नाहीतर दवाखाना आठवतो. एमबीएच्या वर्गात नफ्याबद्दल बोलणारा फादर सहसा डोळ्यांसमोर येत नाही. पण येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट या कॅथलिक व्रतस्थ संघाच्या लोकांनी, जमशेदपूरला कामगार-मालक संबंध शिकवणारी संस्था काढली ती १९४९ मध्ये. पाठीशी १८९१ चे पोपचे परिपत्रक होते: मजूर राजी झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, तिच्यात त्याचे पोट भरले पाहिजे.

१९७४-७५ मध्ये संघाच्या रोममधील महासभेने श्रद्धेच्या सेवेत न्यायासाठी झटणे अटळ मानले. मग मालकांचे मॅनेजर कशाला घडवायचे, हा प्रश्न आलाच. कुणी वस्तीत गेले, कुणी वर्गातच राहून तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला. या दुसऱ्या वाटेवरचा प्राध्यापक तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेला असतो. दारिद्र्याचे व्रत असल्यामुळे त्याचा पगार संघाकडे जमा होतो. पैशाबद्दल तो बोलतो तेव्हा मला त्याचे वजन वाटते ते यामुळे.

खरा वाद पोपच्या १९८१ च्या परिपत्रकाने उभा केला. ते मे महिन्यातच निघायचे होते, पण पोपवर गोळीबार झाल्याने सप्टेंबरवर गेले. त्यात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना आली. हातात मजुरी ठेवणारा एकटाच जबाबदार नाही. ज्यांच्या धोरणांनी, करारांनी आणि ठरवलेल्या दरांनी त्याचे हात बांधले जातात, तेही जबाबदार.

सोलापुरात हे समजावून सांगावे लागत नाही. विडी कामगार बाई पान-तंबाखू घरी आणते, हजाराच्या हिशेबाने विड्या वळते, माल देताना छाट निघते, म्हणजे काही विड्या नापास होतात, आणि तेवढी मजुरी बुडते. ठेकेदार म्हणतो, दर वरून येतो. विडीवरचा छाप मात्र तिसऱ्याच मालकाचा. आपल्या १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून वळणारे घरखेपी कामगार आणि ठेकेदारामागचा मुख्य मालक हे दोन्ही आधीच ओळखले होते. परिपत्रक त्याहून पुढे जाऊन सरकार आणि बाजारालाही हिशेबात धरते.

यावर आक्षेप असा, की सगळेच जबाबदार म्हटले की कुणीच सापडत नाही. आक्षेप हलका नाही. पण परिपत्रक थेट मालकाला सूट देत नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्यांनाही पुढे बोलावते.

१९९१ च्या परिपत्रकाने नफ्याला रास्त जागा दिली, मात्र हिशेबवह्या चोख असूनही माणसांचा अपमान होत असू शकतो, असेही बजावले. २०१३ मध्ये ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली, तेव्हा परदेशी ब्रँडांना नेमके हेच विचारले गेले. त्याच वर्षी आपल्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. नफा हाती येण्याआधी मजुरीचे काय झाले, हे ते कलम विचारत नाही. या प्राध्यापकांचा तास तिथूनच सुरू होतो.