‘मी आले’

पारलिंगी कवयित्री कल्की सुब्रमण्यम यांच्या तमिळ कवितासंग्रहाचं नाव आहे ‘कुरि अरुत्तेन’. (पारलिंगी म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा आपलं लिंग वेगळं मानणारी व्यक्ती.) ‘कुरि’ म्हणजे खूण, चिन्ह, आणि पुरुषाचं लिंगही. ‘अरुत्तेन’ म्हणजे ‘मी छाटलं’. तमिळमध्ये ‘मी’ बोलू लागला की क्रियापदावरून बाई की बुवा ते कळत नाही. ‘नान् वंदेन्’ हे कुणीही म्हणू शकतं. मराठीत ती सोय अर्धीच आहे. ‘मी लिहिलं’, ‘मी सोसलं’ इथे बोलणाऱ्याचं लिंग झाकलेलं राहतं. पण ‘मी आले’, ‘मी रडले’, ‘मी जगले’ म्हणताच ते उघडं पडतं. मुलगा म्हणून वाढवलेल्या व्यक्तीने घरात पहिल्यांदा ‘मी आले’ म्हटलं, की त्या एका मात्रेवरून घर हादरतं.

कल्की मूळच्या कोइंबतूर जिल्ह्यातल्या पोल्लाचीच्या. 2008 मध्ये त्यांनी ‘सहोदरी फाउंडेशन’ ही संस्था उभी केली. तमिळ पारलिंगी स्त्रियांसाठी मासिक काढलं, 2009 मध्ये त्यांच्या लग्नांसाठी संकेतस्थळ सुरू केलं, 2011 मध्ये ‘नर्तकी’ या तमिळ चित्रपटात मुख्य भूमिका केली. त्या चित्रं काढतात, आपल्या समाजातल्या इतरांना चित्रकला शिकवतात, कंपन्यांत आणि महाविद्यालयांत जाऊन पारलिंगी व्यक्तींना कसं सामावून घ्यावं याचं प्रशिक्षण देतात आणि कायद्यासाठी भांडतात. एका कवयित्रीला एवढं सगळं का करावं लागतं, हे समजायचं तर मागे बरंच जावं लागतं. वाटेत सारख्या नोंदवह्या लागतात. दीडशे वर्षं या माणसांबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक दुसऱ्यांनी, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी लिहिलेलं आहे.

सुरुवात मात्र वेगळ्या कागदाने करायला हवी, आणि तो कागद आपल्याकडचा आहे. मराठा राज्यात दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे सनदा होत्या. ठरावीक गावांतून दाणे आणि पैसा मागण्याचा हक्क त्यांना वंशपरंपरेच्या वतनासारखा मिळालेला होता, आणि तो गुरूकडून चेल्याकडे जाई. काहींना इनाम जमिनीही होत्या. आज सिग्नलला टाळी वाजली की गाडीची काच वर जाते, आणि ‘धडधाकट आहेत, काम का करत नाहीत’ हा प्रश्न हमखास येतो. त्या ‘मंगती’मागे कधीकाळी राज्याने मान्य केलेला हक्क होता, हे शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या इंग्रज सरकारने हे हक्क पाळणं थांबवलं. हक्क गेला, मागणं उरलं. हक्काविना मागणं म्हणजे भीक.

मग 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. तो आपण पारधी, रामोशी, कंजारभाट अशा जमातींच्या संदर्भात ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सुरुवातीला वायव्य प्रांत आणि अवध, म्हणजे साधारण आजचा उत्तर प्रदेश, आणि पंजाब इथे तो लागू झाला. मुलं पळवल्याचा, त्यांना खच्ची केल्याचा किंवा दंड संहितेच्या कलम 377 खालच्या, म्हणजे ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या, गुन्ह्याचा संशय असलेल्या हिजड्यांची नावं आणि पत्ते सरकारी नोंदवहीत लिहायचे. त्यासाठी संशय पुरेसा होता, गुन्हा शाबीत व्हायची गरज नव्हती. एकदा नाव चढलं, की बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणं, सार्वजनिक ठिकाणी नाचणं, वाद्य वाजवणं यासाठी वॉरंटशिवाय अटक आणि 2 वर्षांपर्यंत कैद. घरात 16 वर्षांखालचा मुलगा ठेवायचा नाही. मृत्युपत्र करायचं नाही, दानपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही.

ही यादी सावकाश वाचली की तिचा हेतू कळतो. नाचगाणं बंद म्हणजे कमाई बंद. मृत्युपत्र आणि दत्तक बंद म्हणजे गुरूने चेल्याच्या हाती काही सोपवणं बंद. ही पिढी मरू द्यायची आणि पुढची तयार होऊ द्यायची नाही, अशी ती रचना होती.

निजामाच्या हैदराबाद संस्थानाने 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा केला. तेव्हा मराठवाडाही त्याच राज्यात होता. गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये गेला. निजामाचा कायदा मात्र तेलंगणात पुस्तकात राहिला, तो तिथल्या उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवेपर्यंत. त्याआधी 2011 मध्ये कर्नाटकाने आपल्या पोलीस कायद्यात नवं कलम घालून अशाच नोंदवहीची तरतूद केली होती. ती नोंदवही किती दिवस जिवंत राहते, ते यावरून दिसतं.

पुढचे कागद थोडे सौम्य आहेत. 2005 मध्ये पासपोर्टच्या अर्जात तिसरा पर्याय आला, पण त्याचं अक्षर होतं ‘ई’, म्हणजे खच्ची केलेला पुरुष या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर. 2009 मध्ये निवडणूक आयोगाने मतदार यादीत ‘इतर’ असा रकाना दिला. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून देशात सुमारे 4 लाख 88 हजार लोक मोजले गेले, महाराष्ट्रात 40,891. तो आकडा सगळ्यांचा आहे असं कुणीच मानत नाही. मोजायला आलेल्या शिक्षकाने दारात विचारलं आणि बापाने उत्तर दिलं, तर त्या घरातली मुलगी कागदावर मुलगाच राहणार. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या ‘नाल्सा’ निकालात सांगितलं की आपलं लिंग काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. नोंद कुणी करायची, या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच उलट दिशेने आलं.

लेखक मात्र न्यायालयासाठी थांबले नव्हते. तमिळनाडूत ए. रेवती यांनी आपल्या समाजातल्यांची आत्मकथनं गोळा करून 2004 मध्ये पुस्तक काढलं, 2007 मध्ये लिव्हिंग स्माइल विद्या यांचं आत्मचरित्र आलं. 2008 मध्ये त्या राज्याने पारलिंगी व्यक्तींसाठी देशातलं पहिलं कल्याण मंडळ नेमलं. त्याच सुमारास तिथे पारलिंगी स्त्रीसाठी ‘तिरुनंगै’ हा मानाचा शब्द सरकारी भाषेत रुळला. कल्कींचं लिखाण या भरातलं आहे. मराठीत 2012 मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ आलं, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द शीर्षकात ‘मी’ला लागून बसला. पुढे दिशा पिंकी शेख यांच्या कविता आल्या. ‘कुरूप’ हा त्यांचा संग्रह. 2019 मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. कविता आणि राजकारण हे दोन वेगळे छंद असल्यासारखं त्यांच्याबद्दल कुणी बोललं की मला राग येतो. ज्यांच्या नाचण्यावरही कायदा झाला होता, त्यांची कविता राजकारणाबाहेर कुठे राहणार?

कल्कींचं एक काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. ‘रेड वॉल’ नावाच्या त्यांच्या प्रकल्पात अत्याचार सोसलेल्या पारलिंगी व्यक्ती आपली हकिगत स्वतःच्या हाताने कागदावर लिहितात आणि त्यावर लाल रंगात तळहाताचा ठसा उमटवतात. असे कागद भिंतीवर एकमेकांशेजारी लावले जातात. अक्षर ज्याचं त्याचं, कुठे वळणदार, कुठे शाळा अर्ध्यात सुटल्याचं सांगणारं. वायव्य प्रांतातल्या नोंदवहीत ठाण्याचा कारकून लिहीत असे. इथे जिच्यावर गुदरलं तीच लिहिते, आणि आरोपी दुसरा आहे.

कल्की देतात तशा प्रशिक्षणाचा उगम या कवितेपेक्षा पुष्कळ रुक्ष आहे. तो एचआयव्हीच्या साथीत आहे. 1990 च्या दशकात एड्स नियंत्रणाचं काम सुरू झालं तेव्हा निरोध वाटून भागेना, कारण हिजडा रुग्ण दवाखान्यात आला की त्याला कुठल्या वॉर्डात घ्यायचं यावरच गाडी अडायची. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलीस उचलून न्यायचे. म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि पोलीस यांना बसवून समजावणं हा कामाचाच भाग झाला. मुंबईत 1994 मध्ये सुरू झालेला हमसफर ट्रस्ट आणि 2000 मध्ये गौरी सावंत यांनी उभी केलेली ‘सखी चार चौघी’ ही त्या काळातली ठळक नावं. ‘सेन्सिटायझेशन’ (लोकांना या विषयाबद्दल संवेदनशील करणं) हा शब्द मुंबईच्या वस्त्यांत तेव्हापासून मराठीसारखा वापरला जातो.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 च्या निकालात प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालात न्या. रोहिंटन नरिमन यांनी सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, ठरावीक काळाने असं प्रशिक्षण द्यावं असं सांगितलं. त्यानंतर कंपन्यांची दारंही भराभर उघडली. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला लावला. पण या सगळ्यात मला मोलाची वाटते ती 2021 ची मद्रास उच्च न्यायालयातली घटना. न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर एकमेकींच्या प्रेमात पडून घर सोडून आलेल्या दोन तरुण मुलींचं प्रकरण होतं. आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही, असं त्यांनी उघड म्हटलं, मानसतज्ज्ञांकडे जाऊन बसले, समुदायातल्या माणसांना भेटले, आणि मगच आदेश लिहिला. त्यात पोलीस, शाळा, तुरुंग, न्यायाधीश सगळ्यांच्या प्रशिक्षणाचे निर्देश आहेत. न्यायाधीशाने आधी विद्यार्थी व्हावं, ही फार मोठी गोष्ट आहे.

अडथळे अर्थातच आहेत. 2017 मध्ये कोची मेट्रोने 23 पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं, सगळीकडे कौतुक झालं, आणि थोड्याच दिवसांत काही जणींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देईना. कार्यालयाला प्रशिक्षण मिळालं होतं, घरमालकांना नव्हतं. 2021 मध्ये शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेने पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून टाकली.

मराठीत या प्रशिक्षणाला एक जास्तीची पायरी लागते. इंग्रजीतून आलेल्या सत्रांत भर असतो तो ‘ही’ आणि ‘शी’वर. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, आणि आपण ते शस्त्रासारखं वापरतो. ‘ते आलं बघ’, ‘ते हिजडं’. ही शिवी व्याकरणात दडलेली असते, म्हणून देणाऱ्यालाही ती शिवी वाटत नाही.

एका सरकारी कचेरीतल्या सत्राला मी मागे बसून होतो. शिकवायला आलेल्या ताई स्वतः कविता लिहिणाऱ्या, साडी नीटनेटकी, आवाज खालचा. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच, ‘ऑपरेशन झालंय का?’ त्यांनी विचारणाऱ्या साहेबांना तितक्याच शांतपणे त्यांच्या हर्नियाबद्दल विचारलं. हॉल हसला नाही, गप्प झाला. मग त्यांनी सगळ्यांना पाच मिनिटं आपली सकाळ सांगायला लावली, पुरुषांनी ‘उठले, निघाले’ म्हणायचं आणि बायकांनी ‘उठलो, निघालो’. बायका सहज बोलल्या. निवृत्तीला आलेले एक शिपाईकाका ‘मी उठले’ म्हणाले, ‘अंघोळ केली’ म्हणाले, आणि ‘निघाले’पाशी अडखळले. दोनदा ‘निघालो’ आलं. शेवटी ‘आम्ही निघालो’ म्हणून ते खाली बसले.

‘काका, मी चौदा वर्षं आम्ही-आम्ही करूनच काढली,’ ताई म्हणाल्या, आणि हजेरीचा कागद पुढे सरकवला.