राजनैतिक व्हिसाची घासाघीस

परराष्ट्र खात्याच्या माणसाला दुसऱ्या देशात पोस्टिंगवर जायचं तरी साधारणपणे व्हिसा लागतोच, आणि दोन देशांचं बिनसलं की हा व्हिसा कोणाला, किती जणांना आणि कधी द्यायचा यावर जी ओढाताण चालते तिच्याबद्दल ही नोंद आहे. बातमी होते ती हकालपट्टीची, पण दूतावास गुपचूपही रिकामा होत जातो, जुना माणूस मुदत संपून परत गेला आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा व्हिसा महिनोन्‌महिने निघालाच नाही की एक खुर्ची कायमची कमी.

१९६१ चा व्हिएन्ना करार यात बराच काही सांगतो. राजदूताच्या नावाला यजमान देशाचा आधी होकार लागतो (कलम ४), कारण न देता कोणालाही परत पाठवता येतं (कलम ९), दूतावासात माणसं किती असावीत यावरही मर्यादा घालता येते (कलम ११). पण पोस्टिंगवर येणाऱ्याला व्हिसा किती दिवसांत द्यायचा हे त्यात कुठेच नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

अर्जासोबत मंत्रालयाची नोट व्हर्बाल जाते, म्हणजे तृतीयपुरुषी भाषेतलं, शिक्का मारलेलं पत्र. नकार द्यायची गरजच पडत नाही, "विचार चालू आहे" एवढं पुरतं. मग इकडचेही तिकडच्या अर्जांवर बसून राहतात आणि शेवटी हिशोब येतो तो एकाला एक, तुम्ही आमचे इतके सोडा, आम्ही तुमचे तितके सोडतो. तोवर ज्याची बदली झालीय त्याचं सामान बांधलेलं, मुलांच्या शाळेचं अधांतरी.

बरंच लांबलेलं उदाहरण अमेरिका-रशियाचं. २०१७ मध्ये रशियाने अमेरिकेला स्टाफ ४५५ वर आणायला लावला, मग अमेरिकेने सॅन फ्रान्सिस्कोचं रशियन वकिलातीचं ऑफिस बंद करवलं, २०१८ मध्ये दोन्हीकडून ६०-६० जण गेले आणि सिएटल व सेंट पीटर्सबर्गच्या वकिलातींना टाळं लागलं. २०२१ मध्ये रशियाने स्थानिक लोकांना नोकरीवर ठेवायलाच बंदी केली, तेव्हा अमेरिकेला १८२ स्थानिक कर्मचारी कमी करावे लागले. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय याच लोकांवर झाला, ते ना या भांडणात होते ना त्यांना कुठलं संरक्षण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या वरिष्ठ अधिकारी व्हिक्टोरिया न्यूलंड यांना मॉस्कोला चर्चेला जायचं होतं पण त्यांचं नाव रशियाच्या प्रवेशबंदीच्या यादीत, मग अमेरिकेने एका रशियन अधिकाऱ्यावरची बंदी उठवली तेव्हा त्या जाऊ शकल्या. चर्चेला बसायचा व्हिसा मिळवायलाच आधी सौदा! पुढे २०२५ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये इस्तंबूलला दोन्ही देशांचे अधिकारी बसले ते फक्त दूतावासांचं कामकाज सुरळीत करायला.

भारत-पाकिस्तानमध्ये राजनैतिक कर्मचाऱ्यांना कसं वागवायचं याची १९९२ ची वेगळी आचारसंहिता आहे, तरी एकमेकांकडच्या उच्चायुक्तालयातल्या माणसांची संख्या २०२० मध्ये ११० वरून ५५ झाली आणि पहलगामनंतर २०२५ मध्ये ३० वर आली.

आपल्याकडच्या पोरांना हा विषय खरा कळला तो २०२३ मध्ये, भारत-कॅनडाचं बिनसलं तेव्हा. दोन्हीकडे माणसं सारखी हवीत असं म्हणत भारताने कलम ११ पुढे केलं आणि कॅनडाने ६२ पैकी ४१ डिप्लोमॅट परत नेले. मुंबई, चंदीगड, बंगळुरूच्या वकिलातींमधली प्रत्यक्ष सेवा थांबली, भारतातले कॅनडाचे इमिग्रेशन कर्मचारी २७ वरून ५ वर आले. अर्ज घेणारी खाजगी केंद्रं चालू होती, फाइली दुसऱ्या देशांतून तपासल्या जात होत्या, पण फी भरून, अ‍ॅडमिशन लेटर हातात घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला रोज पोर्टल उघडून बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.