पॉप मारायला गाणं कोणतं लावावं?

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी सराव करायचा तर मोबाइलवर सध्या गाजत असलेलं गाणं लावायचा मोह होतोच. पण ऐकायला झकास असलेलं गाणं पॉपिंग या नृत्यशैलीला चालेलच असं नाही.

पॉपिंगमधला ‘हिट’ म्हणजे दंड, छाती, मांड्यांचे स्नायू क्षणभर आवळून लगेच सोडणं. आवळणं कुणालाही जमतं, खरी कसरत सोडण्यात आहे. 100 बीपीएमच्या (मिनिटाला 100 ठोक्यांच्या) गाण्यात दोन ठोक्यांमध्ये 600 मिलिसेकंद मिळतात, 140 ला जेमतेम 430. तेवढ्यात स्नायू पुरता सैल पडला नाही, तर पुढचा हिट उठून दिसत नाही. माझ्या मते नवख्यानं 90 ते 110 च्या फंक या अमेरिकी नृत्यसंगीतावरच घाम गाळावा.

फंकच का? डॉन कॅम्पबेलनं लॉस एंजेलिसमध्ये 1970 च्या सुमारास लॉकिंग, म्हणजे नाचता नाचता अंग क्षणभर गोठवण्याची शैली, घडवलं, फ्रेस्नोच्या बूगालू सॅमनं 1977 मध्ये इलेक्ट्रिक बूगालूज हा पॉपिंगचा संच उभा केला, आणि दोन्ही शैली फंकवरच वाढल्या. त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रम किंवा टाळी कडक वाजते. हिट तिथेच मारायचा. लॉकिंगला वेग थोडा जास्त चालतो, पण अंग गोठवायला गाण्यात मोकळ्या जागा हव्यात. मारबतीच्या मिरवणुकीतली संदल (ढोल-वाद्यांची धून) भल्याभल्यांना नाचवते, मात्र तिच्या भरगच्च ठेक्यात लॉकला जागाच उरत नाही.

आवाज ऐकून हालचाल करायला माणसाला साधारण 150 मिलिसेकंद लागतात. तरी आपण ठोक्यावर नाचतो, कारण मेंदू पुढचा ठोका आधीच ताडतो. ठेक्यावर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं! म्हणून सुरुवातीला सरळ ठेका बरा. हात बसला की थोडा आडवा, म्हणजे अपेक्षित ठोक्याला बगल देणारा ठेका घ्या. 2014 च्या एका अभ्यासात अगदी सरळ किंवा फार गुंतागुंतीच्या तालापेक्षा मधल्या तालावर लोकांना नाचावंसं जास्त वाटलं.

मोबाइलच्या स्पीकरमधून खोल बास येतच नाही. कॅनडातल्या एका मैफलीत ऐकू न येणारा अतिखर्ज आवाज सुरू केल्यावर लोकांची हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली होती. तेव्हा मोठा स्पीकर आणाच, पण जवळ ठेवा. 17 मीटरवरून आवाज पोचायला 50 मिलिसेकंद लागतात, आणि समोरासमोर नाचणाऱ्या दोघांपैकी एक स्पीकरजवळ आणि दुसरा तेवढा लांब असेल तर हा फरक डोळ्याला खुपतो. मे महिन्यातल्या 45 अंशांत आवाज जरा जोरात पळतो खरा, पण वाचतात ते दोनेक मिलिसेकंद.