गिल स्कॉट-हेरन ‘लास्ट पोएट्स’मध्ये कधीच नव्हता

हिप हॉपच्या मुळांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं: ‘गिल स्कॉट-हेरन, म्हणजे लास्ट पोएट्समधला तो.’ नाही हो, हा अमेरिकन कवी-गायक त्यांच्यात नव्हता.

लास्ट पोएट्स हा ड्रमच्या तालावर कविता म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय कवींचा गट १९ मे १९६८ रोजी, कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका बागेत उभा राहिला. गिल तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात शिकत होता. १९६९ मध्ये लास्ट पोएट्सचा कार्यक्रम तिथे झाला. तो संपल्यावर या पोराने त्या गटातल्या अबिओदुन ओयेवोले यांना गाठून विचारलं, तुमच्यासारखा गट मी काढू का? म्हणजे नातं प्रेरणेचं, सभासदत्वाचं नव्हे.

गोंधळ होणं मात्र साहजिक आहे. १९७० मध्ये गिलचा पहिला अल्बम आला, त्यात बहुतेक ठिकाणी नुसते कोंगा ड्रम आणि वर त्याचा आवाज. लास्ट पोएट्सची धाटणीही अगदी तीच. पण पुढच्याच वर्षीचा अल्बम ऐका: जॅझ वादक रॉन कार्टरचा बास, ह्यूबर्ट लॉजची बासरी, आणि गिल चक्क गातोय! ‘रॅपचा गॉडफादर’ ही पदवीही त्याला कधी रुचली नाही. तो स्वतःला ‘ब्लूजॉलॉजिस्ट’ म्हणवायचा, म्हणजे ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा अभ्यासक.