पात्र उमेदवार नेमके कुठे गळतात?

अमेरिकेतील विद्यापीठांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक प्राध्यापक कमी का, असे विचारले की ‘पात्र उमेदवारच मिळत नाहीत’ हे उत्तर हमखास ऐकू येते. संशोधक केनेथ गिब्ज आणि सहकाऱ्यांनी जैववैद्यक क्षेत्रापुरते हे उत्तर आकड्यांवर घासून पाहिले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० ते २०१३ या काळात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी अशा अल्प प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील पीएच.डी.धारकांची संख्या ९.३ पट झाली. इतर गटांची २.६ पट. तरीही वैद्यकीय महाविद्यालयांच्या मूलभूत विज्ञान विभागांत अल्प प्रतिनिधित्व असलेल्या गटांतून किती सहायक प्राध्यापक नेमले गेले, याचा उपलब्ध उमेदवारांच्या संख्येशी फारसा संबंध आढळला नाही. संगणकीय प्रतिमानानुसार तर पीएच.डी.धारक झपाट्याने वाढत राहिले, तरी २०८० पर्यंतही चित्रात लक्षणीय फरक पडत नव्हता. विशेष म्हणजे, नेमणुकीत भेदभाव होतो असे या प्रतिमानात गृहीतच धरलेले नव्हते. फरक पडत होता तो या गटांतील पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर तात्पुरत्या पदावर संशोधन करणाऱ्या) संशोधकांपैकी अधिक जण प्राध्यापकपदाच्या स्पर्धेत उतरले आणि त्यांची निवड झाली, तरच.

म्हणजे जाहिरात देऊन अर्जांची वाट पाहणे पुरेसे नाही. ओळखीच्या प्राध्यापकांकडे नावे विचारण्याची पद्धतही तोकडीच पडते. संगणकशास्त्र, व्यवसाय व्यवस्थापन आणि इतिहास या शाखांच्या २०१५ मधील एका अभ्यासात, केवळ एक चतुर्थांश संस्थांनी ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक पुरवल्याचे दिसले होते. शोध याच वर्तुळात फिरत राहिला, तर त्याबाहेर पीएच.डी. केलेल्यांची नावे समितीच्या कानांवर जाणार कशी?

अर्ज आल्यानंतरचा धोका अधिक सूक्ष्म आहे. उल्मान आणि कोहेन या संशोधकांच्या २००५ मधील प्रयोगात पोलीसप्रमुखपदासाठी उमेदवार निवडताना सहभागींनी निकषच पुरुष उमेदवाराच्या सोयीने वाकवले: त्याच्याकडे शिक्षण असेल तर शिक्षण महत्त्वाचे, प्रत्यक्ष अनुभव असेल तर अनुभव. निकष आधीच ठरवून घ्यायला लावले, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. पद विद्यापीठाचे नव्हते हे खरे. पण ‘आमच्या विभागात शोभेल का’ यासारखा सैल निकष ज्यांनी निवड समितीत ऐकला आहे, त्यांना हा प्रयोग परका वाटू नये.

गळतीच्या नेमक्या जागी हात घालणारा एक उपक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८४ मध्ये सुरू केला. पीएच.डी. झालेल्या स्त्रिया आणि अल्पसंख्याकांना पोस्टडॉक शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक प्राध्यापक देऊन त्यांना अध्यापनाच्या वाटेवर टिकवणे हा त्याचा हेतू होता. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन २०९’ या तरतुदीने राज्यातील सार्वजनिक नोकऱ्यांत वंश किंवा लिंगाच्या आधारे झुकते माप देण्यास मनाई केली. उपक्रम मात्र बंद पडला नाही; त्यानंतर निवडीत उमेदवाराच्या संशोधनाबरोबर समान संधीसाठी त्याने केलेले काम पाहिले जाऊ लागले.