आमच्या दरपत्रकात रॉयल जेली का नाही?

सीझनमध्ये रोज एक तरी गिऱ्हाईक जांभळाच्या मधाची बाटली हातात घेऊन विचारतंच, "रॉयल जेली ठेवता का हो? राणीमाशी तेच खाऊन पाच वर्षं जगते म्हणे." काउंटरवर गर्दी असते, दोन वाक्यांत सांगून भागत नाही. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन निवांत वाचा.

ऐकलंय त्यात तथ्य आहे. राणी आणि कामकरी माशी, दोघी एकाच आईच्या, सारख्याच फलित अंड्यांतून येतात. अंडं बघून ही राणी होणार की कामकरी, हे आम्हालाच काय, कुणालाच सांगता येत नाही. तरी कामकरी ऐन हंगामात सहा आठवडे राबून मरते आणि राणी तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त अंडी घालत राहते. मेलिफेरा या परदेशी माशीच्या जातीत राणी १६ दिवसांत बाहेर पडते, कामकरीला २१ लागतात. राणीच्या पोटात अंडाशय भरलेले, कामकरीचे सुकलेले. राणीच्या पायाला परागाची टोपली नाही, कामकरीच्या आहे. सख्ख्या बहिणी, पण शेजारी ठेवल्या तर वेगळी जात वाटावी.

फरक पडतो तो खाण्यानं. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माशा डोक्यातल्या ग्रंथींतून येणारा पांढरट चीक भरवतात. तीच रॉयल जेली, राजान्न. चौथ्या दिवसापासून कामकरी व्हायच्या अळीच्या वाट्याला मध आणि पराग येतो. राणीघरातली अळी मात्र शेवटपर्यंत त्या चिकात पोहत असते.

हे राणीघर एकदा बघाच. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं उलटं लोंबतं. राणी बाहेर यायच्या आधी कामकरी माशा त्याच्या टोकाचं मेण कुरतडून काढतात आणि आतला तपकिरी कोष उघडा पडतो. वसाहत फुटायला आली की आमच्या सातेरी या देशी माशीच्या पेटीत अशी शेंग दिसते आणि आमची धावपळ सुरू होते.

आता मुद्द्याचं. एकच अंडं, मग खाण्यानं एवढं घडतं कसं? या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द जड आहे, पण ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला समजायला वेळ लागणार नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा चढला की जमीन कुठे जात नाही, गुंठाही कमी होत नाही. पण व्यवहार अडतो. बोजा उतरला की पुन्हा मोकळी. डीएनए ही जमीन. त्यावर ठिकठिकाणी मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटतो, ती झाली नोंद. अक्षर एकही बदलत नाही, पण कुठलं जनुक किती आणि कधी वाचायचं, हे बदलतं. माणसात अशी नोंद जनुकाच्या सुरुवातीलाच झाली तर ते बहुतेक वेळा बंद पडतं. माशीत प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे बऱ्याचदा जनुकाचा कुठला तुकडा वाचायचा, त्यावर परिणाम होतो.

२००८ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याच्या शास्त्रज्ञांनी अळ्यांमधलं ही नोंद चढवणारं एन्झाइमच दाबून टाकलं. त्या अळ्यांतल्या बहुतेक राणीसारख्या होऊन बाहेर आल्या, अंडाशयासकट. २०१० मध्ये राणी आणि कामकरी यांचे मेंदू ताडून पाहिले, तर साडेपाचशेहून जास्त जनुकांवरच्या नोंदी वेगळ्या निघाल्या. मग २०१५ साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट समोर आली. मध-परागात क्युमॅरिक आम्ल असतं आणि ते अळीचे अंडाशय वाढू देत नाही. म्हणजे आम्ही जे विकतो ते वाट्याला न आल्यामुळेही ती राणी होते! मधवाल्यानं छापण्यासारखी ही गोष्ट नाही, पण आहे ती अशी.

यात वेळ फार महत्त्वाची. अळी तीन दिवसांपलीकडे गेली की तिला कितीही चीक भरवा, धड राणी होत नाही. मग पन्नाशीच्या माणसानं चमचाभर चाटून काय होणार? जेलीतली प्रथिनं आपल्या पोटात डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचून जातात. उलट दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना रॉयल जेलीनं जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन आल्याच्या नोंदी आहेत.

रॉयल जेली काढतात कशी, तेही सांगतो. एका दिवसाच्या आतल्या अळ्या टोचणीनं उचलून कृत्रिम राणीघरांत ठेवायच्या, तिसऱ्या दिवशी अळी काढून टाकायची आणि खालचा चीक खरवडून घ्यायचा. एका घरातून पाव ग्रॅमच्या आसपास निघतो. चहाचा एक चमचा भरायला वीसेक अळ्या गेल्या. आम्हाला ते करवत नाही, आणि सातेरी माशी त्या कामाची नाहीही.

मग हे शास्त्र माणसाला लागूच नाही का? चांगलंच लागू आहे, फक्त बाटलीत भरता येत नाही.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांची साठ वर्षांनी तपासणी झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी नाही, त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली. वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावर त्यांच्यात मिथाइल कमी सापडलं. पोटातली उपासमार साठाव्या वर्षीही नोंदीत होती.

आपल्याकडचं उदाहरण तर जवळचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. पण किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. कमी होतं ते मांस. बऱ्याच आयांना बी-१२ ची कमतरता होती. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त दिसलं. हेच पुढे मधुमेहाचं मूळ. बी-१२ आणि फोलेट ही दोन्ही जीवनसत्त्वं शरीरात मिथाइल पुरवण्याच्या कामाची, म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष या नोंदींकडे गेलं. घरात लग्न ठरलं असेल, सुनेचं किंवा लेकीचं बाळाचं चाललं असेल, तर आमच्या मधाआधी डॉक्टरांना विचारून तिची बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. पैसे तिथे लागू पडतील.

आजारातही हा हिशेब चालतो. कॅन्सरच्या पेशीत कधी गाठ रोखणाऱ्या जनुकावरच बोजा चढलेला असतो. तो उतरवणारं अ‍ॅझासायटिडीन हे औषध २००४ पासून रक्ताच्या एका विकारात अमेरिकेत मान्य आहे. ते इस्पितळातलं काम. 'डीएनए बदलणारं चूर्ण' आणि 'सात पिढ्या शुद्ध करणारा काढा' विकणाऱ्यांनी हाच शब्द उचललाय, म्हणून सांगून ठेवतो. आईबापाच्या अंगावरच्या बहुतेक नोंदी गर्भाच्या सुरुवातीलाच पुसल्या जातात. थोड्याच टिकतात.

राहिलं आमच्या मालाचं. मध ही साखरच आहे. मधुमेह असेल तर 'नैसर्गिक आहे' म्हणून हात सैल सोडू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरसुद्धा चाटवू नका, बारशाचा मान असला तरी. त्यात कधी बोटुलिझम या विषबाधेचे बीजाणू असतात, त्यांना तोंड द्यायची ताकद तेवढ्याशा आतड्यात नसते.

राणीघर बघायचं असेल तर सकाळी नऊच्या सुमारास या. फिकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका. पेटी शांत असेल तर चौकट उचलून दाखवू. माशा चिडलेल्या असतील तर चहा पाजून परत पाठवू, रागवायचं नाही.